रात्र बारा तासांची, हात किती?

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल दिला, तेव्हा देशभर चर्चा झाली ती दयामरणाची. पण त्या खटल्याच्या कागदांत आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे आणि शुश्रूषेच्या व्यवसायातल्या माणसांना तिचं मोल चटकन कळतं. सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या रुग्णाच्या अंगावर बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, नव्हते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच तळघरात हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच बाहेर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं, तोपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. हिशेब मांडला तर या रात्री पंधरा हजारांहून जास्त भरतात. सुरुवातीच्या परिचारिका निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्यांनीही नोकरी पुरी केली, पण काम थांबलं नाही. दयामरणाची याचिका फेटाळताना न्यायालयाने या कर्मचाऱ्यांच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांचाच मानला.

या हकिकतीकडे लोक माया आणि निष्ठेची कथा म्हणून पाहतात. ती तशी आहेच. पण नुसत्या मायेवर पंधरा हजार रात्री निघत नाहीत. दर रात्री कुणीतरी ठरल्या वेळी येऊन कूस बदलली, अंग कोरडं केलं, पाठ पाहिली आणि सकाळच्या सिस्टरला ओव्हर दिला, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची सगळी माहिती सोपवली, म्हणून ते जमलं. एखाद्या रात्री काम कोणाचं हेच ठरलेलं नसतं, तर पाठीवरच्या लाल चट्ट्याची जखम व्हायला वेळ लागला नसता.

२०११च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले १०.३८ कोटी लोक होते आणि हा आकडा वाढतोच आहे. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, मोडलेलं खुब्याचं हाड, शेवटच्या टप्प्यातला कर्करोग अशा कारणांनी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हातावर राहावं लागणारी माणसं आता बहुतेक घरांच्या ओळखीत आहेत. त्यांच्यासाठी संस्था निघत आहेत. काही तर फार जुन्या आहेत. पुण्याच्या नवी पेठेतल्या ‘निवारा’ची मुळं १८६३ सालापर्यंत जातात. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कण्याला इजा झालेल्या सैनिकांना सांभाळतं. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, तेव्हा देशात तसं दुसरं केंद्र नव्हतं. संस्था कोणतीही असो, पाहुणे, देणगीदार आणि तपासणीला येणारे अधिकारी तिथे दिवसा येतात. बाग, भजन, फिजिओथेरपी, स्वच्छ स्वयंपाकघर हे सगळं त्यांना दिसतं. रात्री आठ ते सकाळी आठ या बारा तासांत काय चालतं ते फक्त रुग्ण आणि नाईटची माणसं जाणतात.

रात्री सगळे झोपलेले असतात, मग लक्ष ठेवायला एक जण पुरे, ही समजूत सर्रास आढळते. म्हणून दिवसाची माणसं आधी लावायची आणि उरतील ती रात्रीला द्यायची, असं वेळापत्रक बनतं. खरं तर रात्रीचं वेळापत्रक रुग्णांच्या गरजा मोजून बनवायला हवं. एक उदाहरण घेऊ.

समजा, एका संस्थेत ३० जण राहतात. त्यांतले आठ पूर्ण अंथरुणावर आहेत आणि त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची आहे. रात्री दहा, बारा, दोन, चार आणि सकाळी सहा अशा पाच फेऱ्या झाल्या, म्हणजे कूस बदलण्याचं काम चाळीस वेळा आलं. डायपर पाहणं, गरज असेल तर बदलणं, चादरीच्या सुरकुत्या काढणं धरून एका वेळेला सात मिनिटं लागतात असं माना. बेरीज २८० मिनिटांची, म्हणजे चार तास चाळीस मिनिटांची होते. हे काम एकट्याने करायचं नसतं. एकट्याने ओढलं तर रुग्णाची कातडी चादरीवर घासते आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. एक सिस्टर आणि एक मावशी असतील, तर दोघींचे मिळून सव्वानऊ तासांहून अधिक यातच गेले. उरलेल्या २२ जणांना स्वच्छतागृहापर्यंत नेणं, औषधं, घाबरून उठलेल्या आजोबांजवळ बसणं आणि नोंदी लिहिणं अजून बाकीच आहे. शिवाय एखादा पडला, तर त्याच्याकडे धावायला कुणीच मोकळं नाही.

हा हिशेब कागदावर मांडला की उपायही सुचू लागतात. पहिला उपाय म्हणजे सगळ्यांना एकच नियम न लावणं. बेडसोअरचा धोका कुणाला किती, हे मोजण्यासाठी १९८७ पासून ब्रेडन मोजपट्टी वापरात आहे. स्पर्शाची जाणीव, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. एकूण गुण ६ ते २३, आणि जितके कमी तितका धोका जास्त. दुसरा उपाय गादीचा. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममध्ये झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या दाट फोमच्या गादीवर असलेल्या, मध्यम ते जास्त धोक्याच्या ९४२ वृद्धांची कूस दर दोन, तीन किंवा चार तासांनी बदलून पाहिली, तेव्हा तीन गटांतल्या बेडसोअरच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ सगळ्यांना चार तास तसंच पडू द्यावं, असा नाही. ज्यांच्या अंगावर आधीच जखम आहे किंवा ज्यांना जाणीवच नाही, त्यांना दोन तासांचा नेम हवाच. पण बरी गादी आणि नीट तपासणी असेल, तर काही जणांना रात्री सलग झोप देता येते, आणि वाचलेले हात जिथे खरी गरज आहे तिथे लावता येतात.

कूस बदलणं हे काम जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. चांगली सिस्टर दिवा लावण्याआधी आवाज देते, ‘आजी, जरा कुशीवर वळवते हं.’ उत्तर येणार नाही हे माहीत असलं, तरी सांगते. एकीने खांद्याखाली, दुसरीने कमरेखाली हात घालायचा. अंगाखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं, ओढायचं नाही. पूर्ण कुशीवर टाकलं की खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीला उशी लावून जेमतेम तीस अंश कलतं ठेवायचं. दोन गुडघ्यांमध्ये मऊ उशी आणि पोटऱ्यांखाली घडी, म्हणजे टाचा गादीपासून अधांतरी राहतात. मग टॉर्चच्या उजेडात माकडहाड, खुबे आणि टाचा पाहायच्या. लाल दिसणाऱ्या जागी बोट दाबायचं. बोट काढल्यावर रंग पांढुरका होऊन परत आला तर ठीक. लाली जशीच्या तशी राहिली, तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा असतो. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, तिथे हाताला लागणारी ऊब किंवा घट्टपणा पाहावा लागतो. शेवटी युरिन बॅगची नळी पायाखाली दबली नाही ना, एवढं बघून पुढच्या पलंगाकडे वळायचं.

रात्रीच्या कामाचा पाया मात्र ओव्हरमध्ये असतो. संध्याकाळची सिस्टर टेबलाशी बसून ‘सगळे ठीक आहेत’ म्हणाली आणि पर्स उचलून निघाली, तर नाईटवालीच्या हाती काहीच लागत नाही. ओव्हर पलंगापाशी उभं राहून द्यायला हवा: आज नेहमीपेक्षा कोण कमी जेवलं, कोणाचं पाणी तुटलं, कुणाला नवीन गोळी सुरू झाली, कोण दुपारपासून वेगळंच बोलतंय. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या आपल्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण याच विषयाला दिलं आहे. आपण हजर असताना जे होतं ते आपण नसतानाही होत राहील, अशी व्यवस्था कशी लावायची, हा त्यांचा प्रश्न होता. रोग्याला पहिल्या झोपेतून उठवणं किती घातक, हेही त्यांनी बजावून लिहिलं होतं.

ही दुसरी सूचना आजही बहुतेक ठिकाणी मोडली जाते. सकाळची पाळी यायच्या आत वॉर्ड चकाचक दिसावा, म्हणून अनेक संस्थांत पहाटे चारलाच दिवे लागतात आणि म्हाताऱ्या माणसांना उठवून अंग पुसणं सुरू होतं. थंडीच्या दिवसांत हा छळच असतो. अंग पुसणं सकाळच्या पाळीकडे सोपवता येतं, त्यासाठी सकाळी दोन हात वाढवावे लागतात. रात्री जे टाळताच येत नाही, ते एकाच फेरीत उरकावं. कूस बदलताना डायपर पाहावा, त्याच वेळी ताप मोजावा, तोंडात कोरड असेल तर ओल्या कापसाने ओठ पुसावेत. दर अर्ध्या तासाला वेगळ्या कारणाने दिवा लावू नये.

औषधांचंही तसंच. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर तोंडाने दिलं जाणारं साधं मॉर्फिन दर चार तासांनी द्यावं लागतं. मग रात्री दोनला रुग्णाला उठवायचं का? वेदनाशमनाच्या शास्त्रात यावर एक रुळलेला तोडगा आहे. डॉक्टरांच्या लेखी आदेशाने झोपतानाचा डोस दुप्पट देतात आणि दोनचा डोस गाळतात. रुग्ण झोपतो, सिस्टरची एक फेरी वाचते आणि कुलपातल्या औषधाची नोंदवही अर्ध्या रात्री उघडावी लागत नाही. उलट इन्शुलिन घेणाऱ्या ज्या रुग्णाची साखर रात्री उतरते, त्याला पहाटे तीनला उठवून बोटातून रक्ताचा थेंब घेणंच शहाणपणाचं. साखर ७०च्या खाली गेली तर लगेच गोड द्यायला हवं, आणि गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता डॉक्टरांना उठवायला हवं. नाकातून जठरात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून अन्न घेणाऱ्यांना शेवटचं अन्न दहाच्या आत देऊन पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवतात, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा दिवस संध्याकाळीच बिघडू लागतो. उजेड कमी झाला की अस्वस्थता वाढते, कुणी पिशवी भरून घरी निघतं, कुणी मुलाच्या शाळेची वेळ झाली म्हणून दार वाजवतं. त्यांना झोपेची गोळी देऊन गप्प करणं सोपं, पण गोळीच्या गुंगीत उठून पडण्याचा धोका वाढतो. अशा माणसासोबत चार पावलं चालणं, लघवीला नेऊन आणणं, कोमट दूध देणं यांसाठी मोकळा माणूस लागतो. जपानमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी छोटी घरं आहेत. एका गटात पाच ते नऊ जण राहतात आणि रात्री प्रत्येक गटामागे एक माणूस जागा असावा, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे.

आपल्याकडे आकडे आहेत, पण ते मुख्यतः रुग्णालयांसाठी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. या ३० टक्क्यांचं महत्त्व संस्थाचालकांना उशिरा कळतं. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास झाले. एका माणसाचे ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात. त्यांत ३० टक्के रजा, आजारपण आणि सणवार मिळवले की आकडा साडेचारच्या वर जातो. म्हणजे रात्रंदिवस एक सिस्टर हजर हवी असेल, तर पगारपत्रकावर जवळजवळ पाच सिस्टर हव्यात. जिथे तीनच नेमलेल्या असतात, तिथे दिवाळीत किंवा कुणी आजारी पडल्यावर एकीच्या डोक्यावर सलग दुसरी पाळी येते, आणि चुका नेमक्या तेव्हाच होतात.

त्याला शरीराचं कारण आहे. माणसाचं शरीर दिवस-रात्रीच्या आतल्या घड्याळावर चालतं. हे घड्याळ पेशींत कसं चालतं, याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान उतरतं आणि लक्ष सर्वांत कमी राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये झोपेचं चक्र मोडणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ वर्गात घातलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. म्हणून नाईट लावताना काही पथ्यं पाळायला हवीत. सलग रात्री थोड्याच असाव्यात. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकाव्यात. नाईट संपल्यावरची सुट्टी कागदापुरती नसावी. दोन जणी असतील तर दोन ते चारच्या दरम्यान आलटून पालटून वीसेक मिनिटांची डुलकी उघडपणे मान्य असावी. चोरून घेतलेल्या झोपेपेक्षा ठरवून घेतलेली झोप रुग्णाच्या जास्त हिताची, कारण त्या वेळात जागं कोण, हे पक्कं माहीत असतं.

सुरक्षेचा मुद्दाही याच वेळापत्रकात बसतो. अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो ड्यूटी संपवून कपडे बदलताना. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. दोन घटनांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर आहे. आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली, उजेडाचा जिना, रात्री घरी पोचवणारं वाहन या मागण्या मात्र त्याच राहिल्या. आगीचंही तसंच. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, तोही पहाटे तीनच्या सुमारास. जागचं हलता न येणाऱ्या माणसांना रात्री बाहेर काढायचं तर कोण कुणाला उचलणार, चादरीवरून कसं ओढणार, मागच्या दाराची किल्ली कुठे, हे नाईटच्या माणसांनी प्रत्यक्ष करून पाहिलेलं असायला हवं. सराव मात्र बहुधा सकाळी अकराला होतो.

मोठ्या शहरांपासून दूर गेलं की प्रश्न आणखी निराळा होतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. पण मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या मनावरसारख्या गावाच्या दृष्टीने जिल्ह्याचं ठिकाणही लांबच. निमाडच्या सपाटीतून विंध्याचा चढ चढून धार, आणि मोठ्या इलाजासाठी त्याहून पुढे इंदूर. पवारांच्या धार-देवासमुळे आणि होळकरांच्या इंदूरमुळे या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत. मुलं पुण्याला, इंदुरात किंवा परदेशात, आणि मागे आई-वडील, हे चित्र तिथेही आहे. अशा गावांत दीर्घकाळची शुश्रूषा बहुतेक घरातच होते आणि रात्रीची ड्यूटी न सांगता सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला येते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात चालते. रात्री हाताशी असतो तो रुग्णवाहिकेचा १०८.

म्हणून संस्थेतली शिस्त घरातही आणावी लागते, आणि ती आणता येते. आठवड्यातल्या कोणत्या रात्री कोण जागणार, हे कॅलेंडरवर लिहून टाकावं आणि जी रात्र आपली नाही त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपावं. पलंगाशेजारी एक वही ठेवावी आणि तिच्यात कूस कधी बदलली, लघवी किती झाली, काय खाल्लं, याची वेळेसकट नोंद करावी. पलंगापासून मोरीपर्यंत बारीक दिवा असावा, वाटेत पायपुसणं किंवा वायर नसावी. रात्री उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर पाय सोडून बसवावं, कारण झटक्यात उभं राहिलं की रक्तदाब उतरून म्हातारी माणसं पडतात. डॉक्टरांना कधी उठवायचं तेही आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं: दम लागला, अचानक बरळणं सुरू झालं, पडल्यावर डोक्याला मार लागला, चार-सहा तास बॅगेत लघवीच उतरली नाही, थंडी वाजून ताप आला.

आई-वडिलांना संस्थेत ठेवायची वेळ आली, तर ती पाहायला दुपारी न जाता संध्याकाळी साडेसातला जावं. ओव्हर पलंगापाशी होतो की टेबलापाशी, ते तेव्हा दिसतं. आज रात्री कामावर कोण कोण आहे, त्यांतल्या नोंदणीकृत परिचारिका किती, कूस बदलल्याच्या मागच्या आठवड्याच्या नोंदी कुठे, रात्री डॉक्टर फोनवर किती वेळात भेटतात आणि एकाला रुग्णालयात न्यावं लागलं तर बाकीच्यांजवळ कोण थांबतं, हे प्रश्न विचारायला संकोच करू नये. नोंदवही दाखवता येते की नाही, यावरून बरंच ठरवता येईल. संस्था परवडते की नाही हा हिशेब त्यानंतरचा. फी कशावर खर्च होते असं विचारल्यावर ज्या चालकाने रात्रीच्या दुसऱ्या माणसाचा पगार आधी सांगितला, तिथे नाव नोंदवायला हरकत नाही.